शाखा निवडण्याआधी काम पाहून ये

वाचकाचे पत्र: मी कागल तालुक्यातील एका गावची असून कोल्हापुरात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय घेतले आहेत. पप्पा गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे बनवण्याच्या कामाला) आहेत. त्यांचे म्हणणे आहे की मी कॉम्प्युटरच घ्यावे, त्या धुळीत आणि उष्णतेत मुलीने येऊ नये. मामा पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, ते म्हणतात एआय घे. रसायनशास्त्राच्या मॅडमना वाटते की मी मूलभूत विज्ञानाकडे जावे. आत्या म्हणते, नीटचा मार्ग बंद करू नकोस. मला स्वतःला वस्तू कशापासून बनतात आणि का तुटतात हे वाचायला आवडते. सुटीत थोडे पायथॉन शिकले, तेही आवडले. कोणत्या शाखेला स्कोप आहे? शाखा चुकली तर पप्पांचे पैसे वाया जातील, याची भीती वाटते. जीवशास्त्र सोडून द्यावे का?

उत्तर:

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चार वडीलधाऱ्यांची चार मते अगदी स्पष्ट आली आहेत आणि तुझी स्वतःची आवड मात्र तू शेवटाकडे, जवळजवळ संकोचाने, दोन ओळींत उरकली आहेस. मला त्याच दोन ओळी महत्त्वाच्या वाटल्या, म्हणून सुरुवात तिथूनच करते. धातूची किंवा इतर कोणत्याही पदार्थाची आतली रचना कशी असते, तो तापवल्यावर, थंड केल्यावर किंवा त्यात दुसरे काही मिसळल्यावर ती कशी बदलते आणि त्यामुळे वस्तू मजबूत का होते किंवा ठिसूळ का राहते, एवढ्याच प्रश्नांना वाहिलेली अभियांत्रिकीची एक पूर्ण शाखा आहे. ती म्हणजे धातुशास्त्र आणि मटेरियल्स अभियांत्रिकी. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि मुंबईच्या आयआयटीत ती शिकवली जाते. तुला सल्ला देणाऱ्या चौघांपैकी कोणीही तिचे नाव घेतलेले नाही, आणि तरीही त्यांच्यापैकी एक जण, तुझे वडील, रोज त्याच शास्त्राच्या मधोमध उभे राहून काम करतात.

तू हीच शाखा घ्यावीस असे मी म्हणत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की शाखा तिच्या नावावरून किंवा तिच्याविषयी ऐकलेल्या गोष्टींवरून ठरवू नये. त्या शाखेतला माणूस दिवसभर नेमके काय करतो हे आधी डोळ्यांनी पाहावे, त्यातले थोडे स्वतःच्या हाताने करून पाहावे आणि मग मत बनवावे. तुझ्यापाशी त्यासाठी वेळ आहे, कारण शाखेचा पसंतीक्रम बारावीनंतर भरायचा असतो. आज ठरवायचे आहे ते फक्त विषयांचे.

गणित कोणत्याही परिस्थितीत सोडू नकोस आणि मागेही पडू देऊ नकोस. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा २०० गुणांची असते आणि त्यातले १०० गुण एकट्या गणिताचे असतात: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे. त्या परीक्षेतले साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, त्यामुळे दहावीनंतरचे हे वर्ष विसाव्याचे आहे ही आपल्याकडची समजूत फार महाग पडते. गुणांपलीकडचेही एक कारण आहे. तू ज्या ज्या वाटा लिहिल्या आहेस, त्यांतल्या वैद्यकीय सोडून प्रत्येक वाटेवर पुढे तुला गणितच लागणार आहे, आणि ते कसे, हे थोड्या वेळात फाउंड्रीच्या उदाहरणावरून सांगते.

जीवशास्त्राचे उत्तर इतके सरळ नाही. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा ७२० गुणांची असते आणि त्यांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. ही परीक्षा द्यायची तर ती मनापासून, पूर्ण वेळ देऊनच द्यावी लागते. तुझ्या पत्रात डॉक्टर होण्याची इच्छा कुठेही दिसत नाही. तशी इच्छा नसताना केवळ दार उघडे राहावे म्हणून सीईटी आणि नीट या दोन्हींचे क्लास लावणे म्हणजे दोन्हीकडची तयारी अर्धवट ठेवणे होय, आणि आपल्या भागातली अनेक हुशार मुले बारावीला याच कारणाने दमून जातात. आत्यांना हे नम्रपणे पण स्पष्ट सांग. मात्र विषय वर्गात चालू आहे आणि तो तुला जड जात नसेल, तर बोर्डाच्या परीक्षेपुरता तो राहू दे, कारण मॅडम ज्या मूलभूत विज्ञानाविषयी बोलत आहेत त्या वाटेवर तो उपयोगी पडतो. मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या आयसर संस्थांच्या प्रवेशासाठी जी अभियोग्यता चाचणी होते, तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. ही माहिती आपल्याकडच्या मुलांपर्यंत बहुधा बारावीचा अर्ज भरून झाल्यावर पोहोचते.

आता तुझ्या वडिलांच्या कामाविषयी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींत फाउंड्रीचा धंदा केवढा आहे हे तुला घरातूनच माहीत आहे. दिवाळीच्या सुटीत वडिलांच्या साहेबांची परवानगी काढून एक दिवस तिथे जा, पण मोल्डिंग लाइनच्या आधी प्रयोगशाळेत जा. भट्टीतला वितळलेल्या धातूचा रस ओतण्याआधी त्यातला थोडा एका डावात घेतात, तांब्याच्या साच्यात ओतून त्याची नाण्यासारखी चकती बनवतात, ती घासून स्वच्छ करतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. ठिणगी पडते, त्या प्रकाशाचे विश्लेषण होते आणि पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण आकड्यांत उमटते. प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश का देते, हे तू अणुरचनेच्या धड्यात शिकणार आहेस. तो धडा इथे रोज पाळीत कितीतरी वेळा वापरला जातो आणि त्याच्या उत्तरावर रस ओतायचा की थांबायचे हे ठरते. तिथल्या माणसाला विचार की साध्या ग्रे आयर्नचे कास्टिंग (ओतीव वस्तू) हातोड्याच्या घावाने फुटते आणि एसजी आयर्न या दुसऱ्या प्रकारच्या ओतीव लोखंडाचे सहसा का फुटत नाही. कार्बन दोन्हींत जवळपास सारखाच असतो. पहिल्यात तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बसतो आणि त्या पापुद्र्यांच्या टोकांपासून तडा पसरतो. दुसऱ्यात थोडेसे मॅग्नेशियम घालून त्याच ग्रॅफाइटचे गोळे बनवलेले असतात आणि तडा तितक्या सहजी पुढे सरकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन्ही नमुने शेजारी शेजारी पाहायला मिळाले तर अवश्य पाहा. वस्तू का तुटतात या तुझ्या प्रश्नाचे ते एक संपूर्ण उत्तर आहे.

नंतर वडिलांना विचार की रिजेक्शन, म्हणजे माल सदोष ठरून बाद होणे, कशामुळे येते. ते ब्लो होलचे नाव घेतील. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला की तापलेल्या रसामुळे त्याची वाफ होते, वाळूतून ती पुरेशी बाहेर पडू शकली नाही तर कास्टिंगमध्येच अडकते आणि मशीन शॉपमध्ये जॉब, म्हणजे ती ओतीव वस्तू, कापल्यावर आत पोकळी दिसते. तुझे वडील वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा ओळखत असतील. तीच गोष्ट प्रयोगशाळेत आर्द्रता आणि वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता अशा दोन आकड्यांत मोजली जाते. दुसरा दोष आकसण्याचा. रस थंड होताना आकसतो आणि जो भाग सर्वांत शेवटी गोठतो तिथे पोकळी राहते, म्हणून त्या ठिकाणी जादा रसाचा साठा, म्हणजे रायझर, द्यावा लागतो. तो कुठे द्यायचा हे पूर्वी मिस्त्रींच्या अनुभवावर ठरे. आता बऱ्याच फाउंड्र्यांत सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर आधी पाहिले जाते. जॉबचे त्रिमितीय चित्र संगणकावर लाखो बारीक तुकड्यांत विभागले जाते, प्रत्येक तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात उष्णता किती वेगाने जाते याचे समीकरण सोडवले जाते आणि शेवटी गोठणारी जागा रंगाने दिसते. ते समीकरण विकलनाचे (डिफरन्शिएशनचे) आहे. तू बारावीत विकलन आणि विकल समीकरणे शिकशील तेव्हा हे चित्र डोळ्यांसमोर ठेव.

या एका उदाहरणावर मी इतकी रेंगाळले याचे कारण आहे. या कामात रसायनशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे, गणित आहे आणि प्रोग्रामिंगही आहे. तुला ज्या दोन आवडी एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे वाटते, त्या इथे एकाच टेबलावर बसलेल्या आहेत. आणि वडिलांच्या काळजीविषयी सांगायचे तर ती खरी आहे. भट्टीसमोरचे काम अंगाला किती लागते हे त्यांच्याइतके कोणालाच कळणार नाही. परंतु धातुशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी प्रयोगशाळेत, गुणवत्ता विभागात, डिझाइनमध्ये किंवा संशोधनात काम करते, आणि शॉप फ्लोअरवर उतरली तर निर्णय घेणारी म्हणून उतरते. त्या दिवशी वडिलांना सोबत घेऊनच प्रयोगशाळेत जा. तुम्ही दोघांनी ती जागा एकत्र पाहिली तर घरातले बोलणे आपोआप वेगळे होईल.

कॉम्प्युटरचीही अशीच परीक्षा घे. पायथॉन आवडले ही चांगली खूण आहे, पण सुरुवातीचे पायथॉन सर्वांनाच आवडते, कारण चार ओळींत काहीतरी पडद्यावर दिसते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, डिस्क्रीट गणित, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस हे विषय येतात आणि तिथे बराच वेळ आपलीच चूक शोधण्यात जातो. म्हणून स्वतःसाठी एक थोडे मोठे काम घे. गावातल्या दूध संस्थेचे महिन्याचे संकलन, फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) यांवरून प्रत्येक सभासदाचे बिल काढणारा प्रोग्राम लिहून पाहा. हिशेब जुळला नाही की तुला काय होते याकडे लक्ष दे. चूक सापडेपर्यंत जेवायला उठावेसे वाटले नाही, तर ही शाखा तुझी असू शकते. दुसऱ्या दिवशी ते उघडावेसेच वाटले नाही, तर तेही समजून घे. दोन्ही उत्तरे सारखीच मोलाची आहेत.

मामांनी सांगितलेल्या एआयविषयी एवढे लक्षात ठेव की कॉम्प्युटर अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स व डेटा सायन्स या नावांखालचे पहिल्या दोन वर्षांचे विषय पुष्कळ ठिकाणी बरेचसे सारखे असतात. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर अभ्यासक्रम असतो. तिन्ही शेजारी ठेवून वाच. एआयच्या मुळाशी संख्याशास्त्र, संभाव्यता आणि मॅट्रिक्सचे गणित आहे, आणि ते कच्चे राहिले तर शाखेचे नाव काही उपयोगाचे नाही. मामांचा अनुभव आपण वाया घालवू नये, फक्त त्यांना प्रश्न वेगळा विचार. कोणती शाखा घेऊ असे विचारण्याऐवजी, गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केले, असे विचार आणि उत्तर लिहून काढ. मॅडमनाही हाच प्रश्न संशोधन करणाऱ्या त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारायला सांग.

मूलभूत विज्ञानाकडे, विशेषतः बी.एस्सी.कडे, आपल्याकडे अभियांत्रिकी न मिळालेल्यांची जागा म्हणून पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. २००६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या आयसरमध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांच्या पदार्थांवर वर्षानुवर्षे संशोधन चालत आले आहे, म्हणजे पदार्थांच्या अभ्यासाची ही वाट कोल्हापुरातूनही जाते. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ मध्ये याच कोल्हापुरात झाला आणि खगोलभौतिकीत नाव मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाचे पदवीचे शिक्षण गणिताचे होते. परंतु तुझ्या घरची परिस्थिती पाहता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: संशोधनाच्या वाटेवर पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच.डी.ची आणखी काही वर्षे जातात, त्या काळात शिष्यवृत्ती मिळू शकते पण घराला हातभार लावण्याइतके उत्पन्न उशिरा सुरू होते. घरी धाकटी भावंडे आहेत का, कर्ज आहे का, हे तू लिहिलेले नाहीस. वडिलांशी हे मोकळेपणाने बोलल्याखेरीज या वाटेविषयी होही म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस.

स्कोपविषयी मी थोडक्यातच लिहिते. तू पदवी घेऊन बाहेर पडशील त्याला पाच वर्षांहून अधिक काळ आहे आणि तेव्हा कोणत्या क्षेत्रात किती नोकऱ्या असतील हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. २००१ च्या सुमारास सॉफ्टवेअर क्षेत्रात मंदी आली होती, पुढे याच क्षेत्रातल्या कंपन्यांनी मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्स अशा सगळ्या शाखांची मुले घेतली. ज्या विषयात तू चार वर्षे मन लावून राहू शकशील, त्यात पहिल्या काहींत येण्याची शक्यता जास्त, आणि मंदीत टिकतात ती बहुधा अशीच माणसे.

पैशाची भीती मात्र बरीच कमी करता येईल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही, म्हणून तसा प्रवेश मिळवून देतो म्हणून कोणी सांगत आले तर वडिलांना सावध कर. याखेरीज प्रत्येक अभ्यासक्रमात गुणवत्तेवर शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्यांनाही उत्पन्नाची तीच मर्यादा आहे; पण त्या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही, हे आधीच लक्षात घे. तुझा प्रवर्ग तू कळवलेला नाहीस. तो मागास प्रवर्ग असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत कर. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढून ठेव. जूनमध्ये निकालानंतर सेतू केंद्रासमोर जी रांग लागते, तिच्यात उभे राहण्याची वेळ तुझ्या वडिलांवर येऊ नये, कारण त्यांचा तो दिवस बिनपगारी जाईल.

महाविद्यालयांचा विचार करताना कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, इस्लामपूर एवढ्या टापूत चांगली अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत हे विसरू नकोस. सांगलीचे वालचंद महाविद्यालय तर १९४७ सालचे आहे. चांगले महाविद्यालय की आवडती शाखा, असा पेच पडला तर माझे मत असे: ज्या दोन शाखांत तू आनंदाने शिकू शकशील, त्यांच्यात महाविद्यालय पाहून निवड कर, जी शाखा करून पाहिल्यावर नकोशी वाटली, ती मात्र कितीही नावाजलेल्या महाविद्यालयात मिळाली तरी अर्जात लिहू नकोस. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर जे लिहिशील ते मिळाले तर तेच घ्यावे लागते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही, म्हणून ती यादी शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून भरायची नसते.

एवढे करूनही निवड चुकली तर काय, ही तुझी भीती उरते. पहिल्या वर्षाचे बरेच विषय सर्व शाखांना समान असतात आणि जागा रिकामी असल्यास पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलण्याची सोय अनेक महाविद्यालयांत असते. पुढे गेट परीक्षेला बसून वेगळ्या पण जवळच्या विषयात एम.टेक. करता येते, २०२४ पासून त्या परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. धातुशास्त्र शिकून सिम्युलेशनचे प्रोग्राम लिहिता येतात आणि कॉम्प्युटर शिकून फाउंड्रीसाठी सॉफ्टवेअर बनवता येते. वडिलांचा पैसा वाया जातो तो मुलगी वर्गात बसणे सोडते तेव्हा, आणि तुझे पत्र वाचून मला तशी भीती वाटत नाही. दिवाळीच्या सुटीआधी वडिलांच्या साहेबांसाठी परवानगीचा अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिही, त्यात कोणता विभाग पाहायचा आहे आणि कशासाठी ते नमूद कर, आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र सोबत जोड.